मार्लीन पाल्कोने खुर्ची हलवली

मोनव्हिल शहरात माणसाने काय वाट्टेल ते करावं. नवऱ्याला सोडावं, सोडलेल्या नवऱ्यालाच निवडणुकीच्या प्रचाराला जुंपावं, ईस्टरच्या आधीच्या उपासात शुक्रवारी गुपचूप सॉसेज चापावं. लोक चार दिवस नाकं मुरडतात आणि विसरून जातात. पण रस्त्यावरचा बर्फ उपसून कुणी आपल्या गाडीपुरती जागा मोकळी केली असेल आणि तिथे खुर्ची ठेवून गेलं असेल, तर त्या खुर्चीला हात लावायचा नाही. हा कायदा कुठल्याही पुस्तकात नाही. म्हणूनच बहुतेक सगळे तो पाळतात.

मार्लीन पाल्को शहरातल्या ह्याच टेकडीच्या पायथ्याशी जन्मली, वाढली, साठीला टेकली, आणि आजवर तिने अशी एकही खुर्ची हलवली नव्हती. आत्ता मात्र ती आपल्या निळ्या गाडीत बसून एका खुर्चीकडे टक लावून बघत होती. स्वयंपाकघरातली जुनी खुर्ची, स्टीलचे पाय, पिवळी गादी, गादी फाटली होती तिथे चिकटपट्टी. दोन्ही बाजूंना कमरेएवढे बर्फाचे ढीग. मार्च संपत आला तरी ह्या आभाळाला अक्कल म्हणून आली नव्हती.

फोन वाजला. एर्नी.

"कुठे उलथलीस?" एर्नी ओरडला. एर्नी म्हणजे तोच, सोडलेला नवरा. घटस्फोट झाल्यापासून दोघांचं फार छान जमायचं.

"जागा शोधतेय! टेकडीला प्रदक्षिणा घालून घालून डोकं गरगरायला लागलंय माझं."

"फुसारो केव्हाच येऊन बसलाय. बसलाय कसला, सगळ्यांच्या पाठी थोपटून झाल्या, आता एप्रन घालून पिएरोगीच्या उकडलेल्या करंज्या वाढतोय. म्हाताऱ्यांना दोन-दोन जास्त! आणि मिसेस यानिक म्हणतात, सातच्या ठोक्याला जो स्टेजवर नसेल त्याचं पहिलं भाषण गेलं."

"त्यांना म्हणावं, जरा..."

"यानिकबाईंना? मी? तूच म्हण."

मार्लीनने फोन बंद केला.

आज निवडणुकीचा वादविवाद होता, आणि पद होतं शहराच्या कंट्रोलरचं. महापौर आणि नगरसेवक मिळून लोकांचा पैसा खर्च करतात, आणि तो कुठे गेला हे त्यांना दरडावून विचारायचं, ते कंट्रोलरचं काम. म्हणून त्याला महापौर नेमत नाही, लोक निवडून देतात. मार्लीनने उभं आयुष्य जिल्ह्याच्या कचेरीत हिशेब तपासले होते. मागच्या खेपेला ती ह्या पदासाठी उभी राहिली आणि पडली, आणि पडली ती ह्याच टेकडीने पाडलं म्हणून. बाकी शहराने मतं दिली होती, टेकडीने तोंड फिरवलं. ह्या खेपेला पडले तर पुन्हा नाव काढणार नाही, असं तिने एर्नीला बजावलं होतं. एक गोष्ट मात्र तिला पदाइतकीच हवी होती. समोरच्या उमेदवाराला, नगरसेवक कार्माइन फुसारोला, चारचौघांत मिठाबद्दल विचारायचं होतं. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकायच्या मिठाचा खर्च दर हिवाळ्यात फुगत होता, खरेदी करणारी समिती फुसारोची, आणि टेकडीवर मिठाचा खडा पडलेला कुणी पाहिला नव्हता. तिला रात्री झोपेत ते मीठ दिसायचं.

सात वाजायला आले होते. मार्लीन खाली उतरली. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग खुर्ची उचलून फुटपाथवर ठेवली, अगदी नीट, चारी पायांवर, जणू त्याने पाप कमी होणार होतं. गाडी आत घातली आणि समोरच्या चर्चच्या हॉलकडे धूम ठोकली.

हॉल चर्चच्या तळघरात. टेकडीच्या उतारामुळे त्याची एक बाजू जमिनीत आणि दुसऱ्या बाजूच्या खिडक्या थेट रस्त्याला लागून. आत तळलेल्या माशाचा वास, ओल्या कोटांचा वास, आणि टेकडीवरची झाडून सगळी माणसं. उपासाच्या शुक्रवारी मांस वर्ज्य, मासा चालतो. तो इथे तळला जातो, तेव्हा गर्दी असतेच, म्हणून वादविवादही इथेच ठेवला होता. माशाशिवाय हिशेबाची चर्चा ऐकायला काळं कुत्रं आलं नसतं.

मिसेस यानिक ऐंशीच्या पुढच्या. एरवी ह्याच हॉलमध्ये बिंगोचे आकडे पुकारायच्या. आजही त्यांच्यापुढे बिंगोचा तारेचा पिंजरा होता, फक्त त्यात आकड्यांऐवजी लोकांनी लिहून टाकलेल्या प्रश्नांच्या चिठ्ठ्या होत्या. पिंजरा फिरवायचा, चिठ्ठी काढायची, वाचायची, उमेदवारांनी प्रत्येकी दोन मिनिटांत उत्तर द्यायचं. वेळ संपली की घंटा.

"आलीस एकदाची," त्या मार्लीनला म्हणाल्या. "बूट पूस."

फुसारोने एप्रन काढून उभं राहून तिला खुर्ची दिली. देखणा माणूस, पांढरे केस, आवाज असा की शोकसभेतही लोकांना बरं वाटावं. "काय गं मार्लीन, जागा मिळाली ना गाडीला?"

"मिळाली," मार्लीन म्हणाली, आणि बूट पुसायला खाली वाकली.

पहिली भाषणं झाली. फुसारोने टेकडीची माणसं, टेकडीचा अभिमान, टेकडीच्या आया अशी सगळ्यांची आठवण काढली. मार्लीनला धाप लागली होती. तिने खर्च, तपासणी, पावत्या असं काहीतरी सांगितलं, आणि पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने तेवढ्यात कोबीच्या नूडल्स आणखी मागवल्या. तरी मीठ अजून बाकी होतं. मीठ तिने राखून ठेवलं होतं.

मिसेस यानिकनी पिंजरा गरगर फिरवला. चिठ्ठी काढली, चष्मा नाकावर सरकवला आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

"'माझी खुर्ची,'" त्यांनी मोठ्याने वाचलं, "'चौदा नंबरच्या घरासमोरून कुणीतरी उचलून फुटपाथवर ठेवली आहे, आणि माझ्या जागेत निळी गाडी लावली आहे. मी इथल्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत्ताच पाहिलं. दोन्ही उमेदवारांनी सांगावं, असल्या माणसाचं काय करायचं.'"

हॉलमधून असा आवाज निघाला जसा दूध उतू जाताना निघतो.

"हा काय सार्वजनिक खर्चाचा प्रश्न झाला?" मार्लीनच्या तोंडून निघून गेलं.

"पिंजऱ्यातून आलेला प्रश्न म्हणजे प्रश्न," मिसेस यानिक म्हणाल्या. "कार्माइन, तू आधी."

फुसारोला काय, घबाडच मिळालं. तो उठून उभाच राहिला. "मित्रांनो, हिशेब, कागदपत्रं, ते सगळं आपल्या जागी. पण जो माणूस दुसऱ्याच्या घामाने मोकळी केलेली जागा लाटतो, त्याच्याजवळ शहराच्या तिजोरीची किल्ली द्याल तुम्ही?"

"नाही!" हॉल गरजला.

"मी तर म्हणतो, त्याच्या गाडीवर पाईपने पाणी मारा आणि गोठू द्या रात्रभर! पाईप मी धरतो! पाण्याचं बिल मी भरतो, शहराला एक पै पडणार नाही!"

टाळ्या, शिट्ट्या, टेबलं बडवणं. तळणीपाशी कुणीतरी झाऱ्याने कढई वाजवली. मार्लीनने खाली एर्नीकडे पाहिलं. एर्नीला कळलं होतं. बायको म्हणून वीस वर्षं पाहिलेला चेहरा, कळणार नाही तर काय. त्याने ओठांवर बोट ठेवलं आणि मान इतकी हळू हलवली की शेजारणीला वाटलं, मानेत उसण भरली.

"मार्लीन. दोन मिनिटं."

उत्तरं तिच्याजवळ होती. रस्ता सगळ्यांचा आहे, त्यावर कुणाची मालकी नाही, असं म्हणता आलं असतं. खरं होतं ते, आणि टेकडीने तिला तिथल्या तिथे कच्चं खाल्लं असतं. नाहीतर फुसारोसारखं गरजता आलं असतं, आणि चर्चा संपल्यावर अंधारात गाडी काढून पळता आलं असतं. हे दुसरं तिला चांगलंच मोहात पाडत होतं, खोटं कशाला बोला. पण जन्मभर तिने समोरच्या खुर्चीतल्या माणसाला एकच विचारलं होतं, हे कुणी केलं? आणि जे गप्प बसायचे त्यांचा तिला मनापासून तिटकारा यायचा.

"गाडी माझी आहे," ती म्हणाली.

कढईत मासा तडतडत राहिला. एर्नीने डोळे मिटले, मग एकच उघडून किती जण उठून चाललेत ते पाहून घेतलं.

"मला उशीर झाला होता," मार्लीन म्हणाली. "हे कारण नाही, मला माहीत आहे. खुर्ची कुणाची आहे?"

स्वयंपाकघराच्या दारातून थॅडियस ब्रोझेक बाहेर आला. बसड्रायव्हर होता, आता निवृत्त. दारातून यायला जरा तिरकं व्हावं लागेल असा देह, अंगात मळका एप्रन, हातात चिमटा, चिमट्यात अजून मासा.

"माझी," तो म्हणाला. "कुठे टाकलीस?"

"टाकली नाही हो. फुटपाथवर ठेवलीय. नीट."

"आमची आयरीन येईल आता कामावरून. दिवसभर म्हाताऱ्यांना उठवते-बसवते ती तिथे त्या नर्सिंग होममध्ये. गुडघा गेलाय तिचा. गाडी पायथ्याला लावून ह्या घसरड्यावरून चढत यायचं का तिने? सकाळी अर्धा दिवस फावडं मारलं मी त्या जागेसाठी. पाठ बघ माझी, वाकतसुद्धा नाही."

मार्लीनचे कान तापले. फुसारो जे ओरडला त्याने तिला भीती वाटली होती. ह्या म्हाताऱ्याच्या बोलण्याने मात्र लाज वाटली, आणि लाज जास्त बोचते. तिने किल्ल्या उचलल्या. "काढते गाडी. आत्ताच."

"मार्लीन," मिसेस यानिक म्हणाल्या, "तू गेलीस तर घड्याळ तुझ्यासाठी थांबायचं नाही."

"नका थांबवू," मार्लीन म्हणाली आणि निघाली. मागे फुसारोचा गोड आवाज येत होता, "जाऊ द्या हो तिला, माणसाकडून चूक होते, आपण मोठ्या मनाचे आहोत." त्याच्या मोठ्या मनाला कुणीतरी टाळी दिली.

तिने गाडी काढली. खुर्ची जागेवर ठेवली, गादीवर पडलेला बर्फ आपल्या मफलरने पुसला. आणि मग सुरू झाली शोधाशोध. जागा तासाभरापूर्वी नव्हती, आता काय आभाळातून पडणार होती? जिथे बर्फ उपसलेला तिथे खुर्ची, खुर्ची नसेल तिथे इस्त्रीचं टेबल, एका ठिकाणी तर नाताळातला प्लास्टिकचा सांताक्लॉज उभा करून ठेवलेला. सांताक्लॉजकडे तिने फार आशेने पाहिलं. पण आज एक पाप पुरे होतं.

टेकडीचा रस्ता गोल. दर फेरीला ती हॉलच्या खिडक्यांवरून जायची आणि आतला उजेड, माणसांची डोकी, मधोमध हात पसरून उभा असलेला फुसारो, एवढं दिसून नाहीसं व्हायचं. "बोल, बोल," ती काचेआडून त्याला म्हणायची. "मिठाचं बोल की मेल्या." गाडी वळणावर घसरायची, ती शिव्या द्यायची, पुन्हा वर चढायची. दुसऱ्यांदा पडणार ती. तेही न बोलता, गोल गोल फिरत. जन्मात एकदा टेकडी समोर बसली होती आणि ती बाहेर पेट्रोल जाळत होती. तिला रडू यायला लागलं, आणि त्याचाही तिला राग आला.

फोन वाजला.

"बाई गं, त्याचं कुणी ऐकत नाहीये," एर्नी कुजबुजला. "अर्धा हॉल खिडकीशी आहे. तुला जागा मिळते की नाही ह्यावर पैजा लागल्यात. मी पण लावली."

"कशावर?"

"ते जाऊ दे."

पुढच्या फेरीला तिला दिसलं, चौदा नंबरसमोर एक छोटी लाल गाडी उभी होती. ब्रोझेक आपल्या बायकोला हात देऊन बाहेर काढत होता. आयरीन ब्रोझेक, नर्सिंग होमचा निळा डगला घातलेली, हातभर उंचीची बाई, त्याच्या काखेखाली मावत होती. मार्लीनची गाडी दिसताच ब्रोझेक सरळ रस्त्याच्या मधे आला आणि त्याने हात वर केला. तिने ब्रेक दाबला. गाडी घसरत घसरत त्याच्या एप्रनपाशी येऊन थांबली.

"उतर," तो म्हणाला.

"मिस्टर ब्रोझेक, आता आणखी काय करू मी? चुकले म्हणाले, जागा दिली..."

"उतर म्हणतो ना. गाडी मी फिरवतो. जन्मभर ह्याच टेकडीवरून बस फिरवली, माणसांनी भरलेली. ही रिकामी डबी फिरवायला काय जातंय माझं? तू आत जा आणि बोल."

"फिरायला निमित्तच हवं असतं ह्यांना," आयरीन म्हणाली. "आणि मासे कोण तळणार?"

"जळू देत."

मार्लीन उतरली. तिला वाटलं, जिंकली, निदान हे एक मत तरी जिंकली. ब्रोझेकने ते तिच्या तोंडावर वाचलं असावं. स्टिअरिंगमागे अंग कोंबता कोंबता तो म्हणाला, "मत मात्र कार्माइनलाच हं. आधीच सांगून ठेवतो."

"का?"

"पोरीच्या लग्नात नाचला होता तो."

"मग मला कशाला पाठवताय आत?"

"कारण तो मघापासून एकटाच बोलतोय!" ब्रोझेक वैतागला. "खर्च करतो म्हणतो, बाग करतो म्हणतो, आणि समोर 'कशातून?' असं विचारायला कुणी नाही. मला नाही आवडत ते. माणूस चांगला आहे, पण त्याच्यावर कुणाची तरी नजर पाहिजे. तो निवडून आला की त्याच्यावर नजर ठेवायला तुझ्यासारखी खडूस बाई नेमतील ना कुठेतरी?"

"मिस्टर ब्रोझेक, हे पद कसलं आहे असं वाटतं तुम्हाला?"

"म्हणजे? पैशाचं. शहराचे पैसे वाटायचं."

"वाटायचं नाही हो! ते आत्ता वाटतोय तो, नगरसेवक म्हणून. हे पद नजर ठेवायचं. ज्यांनी खर्च केला त्यांच्यावर."

ब्रोझेकने इंजिन चालूच ठेवलं होतं. त्याने गियरवरचा हात काढला. "म्हणजे कार्माइन निवडून आला तर कार्माइनवर नजर ठेवणार कार्माइन?"

"हो."

"अरे देवा," ब्रोझेक म्हणाला. "मग हे कुणी सांगितलं का नाही आधी? प्रचाराच्या पाट्यांवर नुसते तुमचे दात."

असं म्हणून त्याने गियर टाकला आणि गाडी अशा थाटात वर चढवली की मार्लीनला स्वतःच्या गाडीचं कौतुक वाटलं. आयरीनने मार्लीनचा दंड धरला आणि दोघी हळूहळू, एकमेकींना सावरत, हॉलमध्ये उतरल्या.

आत फुसारो रंगात आला होता. "विश्वास!" तो म्हणत होता. "शेवटी सगळं विश्वासावर चालतं!" मार्लीनला पाहून खिडकीपाशी गलका झाला, कुणीतरी कुणालातरी पैसे दिले. एर्नीचं तोंड उतरलं, म्हणजे त्याने तिच्याविरुद्ध पैज लावली होती. त्याच्याकडे नंतर बघून घेणार होती ती.

मार्लीन स्टेजवर जाऊन बसली. आयरीन पहिल्या रिकाम्या जागेवर टेकली, कुणीतरी तिच्यापुढे ताटली सरकवली. तिने माशाचा एक तुकडा तोंडात टाकला, सावकाश चावला आणि हात वर केला.

"कार्माइन, मला एक विचारायचंय."

"चिठ्ठी टाक पिंजऱ्यात," मिसेस यानिक म्हणाल्या.

"पिंजरा त्या टोकाला आहे आणि माझा गुडघा ह्या टोकाला. बसल्या जागेवरून विचारते."

मिसेस यानिकचे स्वतःचे गुडघेही काही धड नव्हते. "विचार," त्या म्हणाल्या.

"रस्त्यावर टाकायचं मीठ शहराने घेतलं, त्याला किती पैसे गेले, ते मीठ गेलं कुठे, हे निवडणुकीनंतर कोण तपासणार?"

"कंट्रोलर," फुसारो हसून म्हणाला. "अगदी बरोबर प्रश्न, आयरीन."

"म्हणजे तू निवडून आलास तर?"

"तर मी!"

"आणि मीठ घेतलं कुणी होतं?"

"समितीने."

"समितीचा प्रमुख कोण?"

फुसारोचं हसू जागच्या जागी राहिलं, फक्त त्यातली ऊब गेली. ह्याच प्रश्नासाठी मार्लीनने घरी कागदांचा डोंगर उपसला होता, तक्ते काढले होते, आरशासमोर उभं राहून पाठ केलं होतं, आणि इथे एका बाईने तोंडात घास ठेवून तो विचारून टाकला होता.

"मी," फुसारो म्हणाला. "पण मित्रांनो, त्यात उलट तुमचाच फायदा आहे! माझ्या खरेदीचा हिशेब माझ्याइतका कुणाला ठाऊक असणार? मला तर तो उघडून बघायचीसुद्धा गरज पडणार नाही!"

आधी एकच जण हसला, बहुतेक नूडल्सवाला म्हातारा. मग त्याच्या शेजारचा. मग हसू टेबलांवरून पसरत मागच्या भिंतीपर्यंत गेलं आणि तिथून दुप्पट होऊन परत आलं. फुसारोही सवयीने हसला, कारण टेकडी हसली की तो हसायचाच. मग त्याच्या ध्यानात आलं, हे हसणं कशावर आहे ते. तो सांगू लागला, मला तसं म्हणायचं नव्हतं, म्हणजे असं की, विश्वास, म्हणजे... आणि प्रत्येक शब्दाला हॉल नव्याने फुटायला लागला.

मिसेस यानिकनी घंटा वाजवून वाजवून हात दुखवून घेतला. कशीबशी शांतता झाली.

"मार्लीन," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "तुझी दोन मिनिटं. बोल."

मार्लीनने समोरचे कागद सरळ केले, मिठाचा पहिला तक्ता सगळ्यात वर होता. तिने फुसारोकडे पाहिलं, हॉलकडे पाहिलं, आणि कागद पालथे घातले.

"माझी दोन मिनिटं कार्माइनला द्या, मिसेस यानिक," ती म्हणाली. "त्याचं अजून सांगून झालेलं नाही."